जिंकायचे कोणी, हे ठरवणारा माणूस

होटगी रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : "हल्क होगनसारख्या स्टार मंडळींच्या राजकारणाने डब्ल्यूसीडब्ल्यू ही अमेरिकेतील कुस्ती कंपनी बुडाली असे सगळेच म्हणतात. पण स्टार नसेल तर तिकीट कोण काढणार? पडद्यामागच्या राजकारणाने कंपनी खरोखरच बुडते का? माझा भाचा अशाच एका कंपनीशी करार करण्याच्या विचारात आहे, म्हणून विचारतो."

उत्तर देण्यापूर्वी मी कोठे उभा राहून बोलतो आहे ते सांगतो. सोलापूर जिल्ह्यातील जत्रांच्या फडांवर मी वीस वर्षांहून अधिक काळ निवेदन करतो आणि जोडी लावणाऱ्या मंडळींत बसतो. मधली सहा वर्षे रिंगवरच्या कुस्त्यांचे कार्यक्रम करणाऱ्या एका फिरत्या कंपनीत मी कामाला होतो. सामन्यांचा क्रम लावणे आणि निकाल लिहिणे हे माझे काम होते. या धंद्यात त्याला बुकिंग म्हणतात आणि ते करणाऱ्याला बुकर. ती कंपनी आज अस्तित्वात नाही. मातीतली खरी कुस्ती आणि रिंगवरची ठरवलेली कुस्ती, दोन्हींची मागची बाजू मी पाहिली आहे आणि राजकारण दोन्हीकडे आहे. ते बसते मात्र वेगवेगळ्या जागी.

फडावरचे राजकारण जोड लागेपर्यंत चालते. शेवटची कुस्ती कोणाला द्यायची, इनाम किती, पैलवान कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, यात्रा समितीतील कोणाचा शब्द राखायचा, यावर रात्र रात्र घासाघीस होते. मात्र हलगी कडाडली आणि पैलवानांनी हाताला हात लावला की समितीच्या हातात फारसे काही उरत नाही. नुरा, म्हणजे आतून ठरवलेल्या, कुस्त्या होतच नाहीत असे मी म्हणणार नाही. पण आमच्याकडचा प्रेक्षक ती दोन-चार मिनिटांत ओळखतो आणि मग शिव्या पैलवानांपेक्षा निवेदकालाच अधिक खाव्या लागतात. रिंगच्या धंद्यात उलटे आहे. तेथे निकाल हीच वाटून देण्याची वस्तू आहे. कोण जिंकला यावर त्याचे पोस्टरवरील स्थान ठरते, त्यावर मानधन ठरते, त्याच्या नावाचे टी-शर्ट किती खपतात ते ठरते आणि पुढील वर्षी त्याला कोणी विचारील की नाही तेही ठरते. विजेतेपदाचा कमरेचा पट्टा ही तेथे जिंकून मिळवलेली गोष्ट नसून कोणीतरी दिलेली बढती असते. अशा ठिकाणी प्रत्येक महत्त्वाकांक्षी माणूस निकाल लिहिणाऱ्याच्या कानाशी लागणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून राजकारण आहे की नाही हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. निकाल लिहिणाऱ्याला स्टारच्या तोंडावर "नाही" म्हणता येते की नाही, एवढेच मी पाहतो. ज्या दिवसापासून ते म्हणता येईनासे होते, त्या दिवसापासून कंपनी मूळ भांडवल खायला लागते.

भांडवल म्हणजे काय, हे थोडे उकलून सांगायला हवे. स्टारचे नाव हे तिकीटखिडकीवरचे आजचे उत्पन्न आहे. उद्याचे उत्पन्न तयार होते ते त्याने कोणाकडून तरी, योग्य वेळी, कोणतीही सबब न ठेवता हरल्यावर. मोठ्या नावाचे वजन दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याचा दुसरा मार्ग या धंद्यात मला तरी दिसलेला नाही. ज्या होगनला आज सगळे बोल लावतात, त्याचे मोठेपणही असेच घडले होते. २९ मार्च १९८७ रोजी रेसलमेनिया या मोठ्या वार्षिक कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी आंद्रे द जायंट या जुन्या स्टारने त्याला स्वतःचा प्रचंड देह उचलू दिला, आपटू दिला आणि खांदे टेकून पराभव घेतला. आंद्रेची पाठ तेव्हा इतकी खराब होती की त्याला धड हालचाल करता येत नव्हती. त्याने नकार दिला असता तर त्याला भाग पाडणारे तेथे कोणी नव्हते.

आता माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. आमच्या कंपनीचा कार्यक्रम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी होता. आमचा सर्वांत मोठा गडी त्याच भागातला, आणि मैदान त्याच्या नावावर भरले होते. त्या रात्री त्याने एका नवख्या पोराकडून हरायचे, असे मी दोन महिन्यांपूर्वीच लिहून ठेवले होते. पत्र्यांचा आडोसा करून कपडे बदलण्याची खोली केली होती, मागे जनरेटर धडधडत होता आणि हा गडी खाटेवर बसून मनगटाला चिकटपट्टी गुंडाळत होता. वर न बघता तो म्हणाला, "सर, पडतो की मी. पडायला काय झालंय. पण खांदे टेकवत नाही बघा. आज आई बसलीया पुढं." मग घासाघीस सुरू झाली. रिंगबाहेर पडून पंचाची मोजणी संपू द्यावी का? पंचाची नजर दुसरीकडे असताना कोणीतरी खुर्ची घालावी का? ज्याच्याशी त्याचे काहीच भांडण नव्हते असा तिसराच गडी मध्ये आणावा का? मालक आले, त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा पत्र्याच्या फटीतून भरलेल्या मैदानाकडे पाहिले आणि म्हणाले, "त्याला पाहिजे तसं करा." नवखा पोरगा पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहून हे सगळे ऐकत होता.

शेवटी खुर्ची आली, तिसरा गडी आला, पंच पडला, आणि पोराचा हात वर केला गेला. मैदानातून ना शिट्टी आली ना शिवी. लोक चपला शोधू लागले. पोरगा कागदावर जिंकला होता, पण त्या विजयाला काडीचीही किंमत नव्हती. दोन महिन्यांनी तो निघून गेला. त्याच वर्षी मोठ्या गड्याचा खांदा निखळला आणि पोस्टरवर छापायला आमच्याकडे दुसरे नाव नव्हते. तो गडी मनाने वाईट नव्हता, त्याची आई खरोखरच पहिल्या रांगेत बसली होती. त्याला नकार देणे हे माझे काम होते आणि ते मी केले नाही.

डब्ल्यूसीडब्ल्यूची गोष्ट हीच आहे, फक्त आकड्यांना शून्ये जास्त. टेड टर्नर यांच्या मालकीच्या या कंपनीने १९९४ मध्ये होगनला आणले आणि त्याच्या सामन्यांच्या निकालांत शेवटचा शब्द त्याचाच राहील, असे कलम करारात घातले. तेव्हा हा व्यवहार आतबट्ट्याचा नव्हता, हे टीकाकार विसरतात. जुलै १९९६ मध्ये होगन खलनायक झाला, केविन नॅश आणि स्कॉट हॉल यांच्यासह त्याची एनडब्ल्यूओ ही टोळी उभी राहिली, आणि सोमवारच्या रात्री व्हिन्स मॅकमहन यांच्या प्रतिस्पर्धी कंपनीला (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) टीव्हीवर सलग ८० हून अधिक आठवडे मागे टाकले गेले. त्या कलमाची किंमत होगनने आधी व्याजासह फेडली होती. पण फेडून झाल्यानंतरही कलम तसेच राहिले.

त्याचा परिणाम २८ डिसेंबर १९९७ रोजी स्टारकेड या त्यांच्या वर्षातील सर्वांत मोठ्या कार्यक्रमात दिसला. स्टिंग हा कंपनीचा जुना, निष्ठावान नायक. त्याने वर्षभराहून अधिक काळ एकही सामना न खेळता, चेहरा काळा-पांढरा रंगवून, मैदानाच्या छतावरून फक्त पाहत राहायचे, अशी योजना होती. बुकिंगच्या दृष्टीने हे वर्षभर प्रेक्षकांकडून उसने घेणे होते. त्या रात्री ते एका स्वच्छ निकालाने फेडायचे होते. प्रत्यक्षात सामन्यात बहुतेक वेळ होगनच वरचढ राहिला. स्टिंगचे खांदे टेकले की पंचाने होगनच्या बाजूने घाईघाईने तीन मोजायचे (तीन मोजले की हार) आणि मग मॅकमहन यांच्याकडून नुकताच आलेल्या ब्रेट हार्टने येऊन हा अन्याय आहे म्हणून सामना पुन्हा सुरू करायचा, असा शेवट लिहिलेला होता. पंचाची मोजणी मात्र नेहमीच्याच गतीने झाली, म्हणजे घरी बसलेल्या प्रेक्षकाला होगनने स्टिंगला सरळ हरवलेले दिसले आणि त्यानंतर हार्टचे ओरडणे खुळ्यासारखे वाटले. मोजणी संथ का झाली, याबद्दल त्यातील माणसांच्या जबान्या आजही एकमेकींशी जुळत नाहीत. मला तो वाद दुय्यम वाटतो. ज्या रात्री सरळ हरायचे त्या रात्रीच्या कागदावर घाईच्या मोजणीची पळवाट लिहिली गेलीच का, हे मी विचारतो, कारण मीही एकदा खुर्ची लिहिली आहे.

पुढे जे झाले ते याच वाटेने. गोल्डबर्ग नावाचा नवा गडी त्यांनी सलग विजयांवर उभा केला. ६ जुलै १९९८ रोजी अटलांटामध्ये त्याने होगनला हरवलेही. पण डिसेंबरात नॅशने त्याची मालिका तोडली आणि तीही विजेच्या झटक्याच्या उपकरणाची मदत घेऊन. आठच दिवसांनी, ४ जानेवारी १९९९ रोजी, होगनने नॅशच्या छातीला एक बोट लावले, नॅश धाडकन पडला आणि पट्टा होगनकडे गेला. त्याच रात्री प्रतिस्पर्धी वाहिनीवर मॅनकाइंड हा सर्वसामान्य दिसणारा, मार खाऊन वर आलेला गडी विजेता होणार होता. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या निवेदकाने ते आधीच कुत्सितपणे सांगून टाकले, आणि लाखो प्रेक्षकांनी ते पाहण्यासाठी वाहिनी बदलली. निवेदक म्हणून मला त्या माणसाची दया येते, कारण असली वाक्ये आमच्या कानात कोणीतरी सांगत असते. त्याच वर्षी नॅश स्वतः कथानकांचा प्रमुख झाला.

उचल ही गोष्ट सोलापूर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ऊसतोड टोळी असो वा मोडनिंबकडील कला केंद्रातील कलावंत, पैसे आधी घेतले की काम आणि मोबदला यांचे नाते बदलते. १९९६ मध्ये हॉल आणि नॅश यांना डब्ल्यूसीडब्ल्यूने मोठ्या हमी रकमेवर आणले, तेव्हापर्यंत मॅकमहन यांच्याकडे कमाई बरीचशी गर्दीवर आणि विक्रीवर अवलंबून होती. गर्दीवर पोट असलेला स्टार निदान मैदान भरेल असा निकाल मागतो. रक्कम आधीच बांधून मिळालेल्या स्टारला भरलेल्या मैदानाचे फारसे सोयरसुतक राहत नाही. त्याच्याकडे राखण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे रांगेतले स्थान. कुस्तीगीराला हमी मिळू नये असे माझे म्हणणे नाही. मोडलेल्या हाडांच्या धंद्यात हमी हवीच. पण हमी आणि निकालावरचा अधिकार ही दोन्ही एकाच माणसाला एकाच कागदावर दिली की त्याच्यावर कसलाच लगाम राहत नाही.

मग कंपनी त्यानेच बुडाली का? शेवटचा घाव वेगळ्याच लोकांनी घातला. टर्नर यांची कंपनी ज्यात सामावली होती ती टाइम वॉर्नर आणि एओएल यांचे विलीनीकरण झाले, टर्नर यांचा शब्द चालेनासा झाला आणि मार्च २००१ मध्ये नव्या प्रमुखाने वाहिन्यांवरून कुस्ती काढून टाकली. टीव्हीची वेळ गेल्यावर कंपनीकडे जुन्या चित्रफिती, नावे आणि पट्टे एवढेच राहिले, ते मॅकमहन यांनी विकत घेतले. २६ मार्च २००१ ला शेवटचा कार्यक्रम झाला. पण १९९७ सालची कंपनी असती तर कोणत्याही वाहिनीने ती अशी रस्त्यावर टाकली नसती. राजकारणाने तिचा जीव घेतला नाही. तिला वाचवावे असे वाटण्यासारखे तिच्यात काही शिल्लक ठेवले नाही.

दुसऱ्या टोकाला मालकाची सत्ता आहे, आणि तीही काही सोवळी नाही. ९ नोव्हेंबर १९९७, माँट्रियल. ब्रेट हार्टने १९९६ मध्ये मॅकमहन यांच्याशी २० वर्षांचा करार केला होता. वर्षभरात मालकांनी तो झेपत नाही असे सांगून त्याला प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याची मोकळीक दिली. शेवटच्या ३० दिवसांत आपल्या निकालाबद्दल वाजवी अधिकार त्याच्या करारात होता, आणि कॅनडात, घरच्या लोकांसमोर, शॉन मायकल्सकडून हरण्यास त्याने नकार दिला. गोंधळात सामना संपवायचा असे ठरले. प्रत्यक्षात मायकल्सने हार्टचाच डाव हार्टवर लावताच मॅकमहन यांनी रिंगजवळ उभे राहून, हार्टने हार मानलेली नसतानाही, सामना संपल्याची घंटा वाजवायला लावली. तालुक्याच्या गावातल्या माझ्या गड्याची आणि ब्रेट हार्टची मागणी एकच होती. मी मान तुकवली आणि मॅकमहन यांनी दगा दिला. समोर बसून स्पष्ट नकार देणे दोघांनाही जमले नाही. दग्याचा त्यांना पुढे फायदा झाला, कारण लोकांच्या खऱ्या संतापातून त्यांनी दुष्ट मालकाचे पात्र उभे केले आणि त्याला स्टीव्ह ऑस्टिनसमोर उभे करून कोट्यवधी कमावले. पण त्या रात्री कपडे बदलण्याच्या खोलीत जो विश्वास गेला, त्याची किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

ऑस्टिनचे उभे राहणेही राजकारणाचेच अपत्य आहे, आणि ते पूर्णपणे अपघाती. मायकल्स, नॅश, हॉल, ट्रिपल एच आणि शॉन वॉल्टमन या पाच कुस्तीगीर मित्रांची मॅकमहन यांच्या कंपनीत क्लिक नावाची टोळी होती. मे १९९६ मध्ये हॉल आणि नॅश कंपनी सोडताना न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नायक आणि खलनायक रिंगमध्ये एकमेकांना मिठ्या मारून निरोप देत राहिले. रिंगवरचे वैर खोटे असल्याचे त्यामुळे उघडे पडले. दोघे निघून गेले होते आणि मायकल्स विजेता होता, त्यामुळे शिक्षा करता येण्यासारखा एकटा ट्रिपल एच उरला. महिनाभराने त्याला मिळणारा किंग ऑफ द रिंग या स्पर्धेतील विजयाचा मान ऑस्टिनला दिला गेला. पुढे तोच ट्रिपल एच मालकांचा जावई झाला आणि २०२२ पासून निकालांची लेखणी त्याच्याच हाती आहे.

आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे भारतीय वंशाचा कॅनेडियन कुस्तीगीर जिंदर महल. मे २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने भारतीय बाजारपेठ नजरेसमोर ठेवून त्याला रँडी ऑर्टनवर विजय मिळवून दिला आणि विजेता केले. नोव्हेंबरात, भारत दौऱ्याच्या तोंडावर, मँचेस्टरमध्ये पट्टा काढून घेतला. डिसेंबरात दिल्लीत तो भारतीय प्रेक्षकांसमोर उतरला तो ट्रिपल एचविरुद्ध, आणि हरला. सामन्यानंतर दोघांनी भांगडा केला. दिल्लीच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, कारण ट्रिपल एचवरही त्यांचे प्रेम होते. पण ज्याच्या पायावर भारतातील पुढील पाच वर्षांचा धंदा उभा करायचा, त्याला त्या रात्री हरवून नेमके काय कमावले, हे बुकर म्हणून मला अजूनही उमगलेले नाही.

स्टारच्या सत्तेला आवर घालणारी तिसरी शक्ती म्हणजे प्रेक्षक. जानेवारी २०२४ मध्ये द रॉक हा डब्ल्यूडब्ल्यूईच्या मूळ कंपनीच्या, टीकेओच्या, संचालक मंडळावर आला. काही दिवसांतच कोडी ऱ्होड्सने रॉयल रंबल हा सामना जिंकून मिळवलेली, विजेता रोमन रेन्सविरुद्धची जागा रॉकसाठी मोकळी केल्याचे दाखवण्यात आले. संचालक, नट आणि कुस्तीगीर एकाच माणसात आल्यावर त्याला कोण अडवणार, असे वाटत होते. प्रेक्षकांनी अडवले. मैदानांत आणि समाजमाध्यमांवर इतका गदारोळ झाला की आठवड्याभरात कथानक वळवावे लागले. रॉकने शहाणपणा केला, तो खलनायक झाला, आणि ७ एप्रिल २०२४ रोजी कोडी विजेता झाला. आपले वजन कोठे टाकावे हे ओळखणारा स्टार असला की राजकारणही तिकिटे खपवते.

स्टारला काही द्यायचेच नाही, असे ठरवले तर फड फुटतो. तमाशाच्या फडात मुख्य कलावंत बाहेर पडला की ढोलकीवाला आणि सोंगाड्याही त्याच्यामागे निघतात. कुस्तीच्या कंपनीतही तसेच घडते. जपानमध्ये जायंट बाबा १९९९ मध्ये वारले, त्यांच्या पत्नीचे आणि सर्वांत मोठा स्टार मित्सुहारू मिसावाचे पटले नाही, आणि २००० मध्ये मिसावा बाहेर पडला तेव्हा ऑल जपान कंपनीतील जवळजवळ सगळे जपानी कुस्तीगीर त्याच्यामागे गेले. अमेरिकेत २०१९ मध्ये सुरू झालेल्या एईडब्ल्यू या कुस्ती कंपनीने कुस्तीगीरांनाच उपाध्यक्ष केले. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील स्टार सीएम पंकने पत्रकारांसमोर त्यांच्यावर तोंडसुख घेतले, मागे हाणामारी झाली, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका भांडणानंतर पंकला काढावे लागले. सहकारी, प्रतिस्पर्धी आणि वरिष्ठ ही तिन्ही नाती एकाच खोलीत कोंबली की दुसरे काय होणार?

आता आपल्या भाच्याविषयी. स्टार कोण आहे याची चौकशी त्याने करू नये, ती पोस्टरवर दिसतेच. निकाल कोण लिहितो आणि तो माणूस स्वतः रिंगमध्ये उतरतो का, हे विचारावे. मोठ्या नावाने मागील वर्षभरात कोणाकडून खांदे टेकून हार घेतली, हे चित्रफिती पाहून मोजावे. दुखापतीचा खर्च कोणाचा हे लेखी घ्यावे, कारण या धंद्यात कुस्तीगीर हा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार मानला जातो आणि त्याच्या मागे संघटना नसते. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुराने सहकाऱ्यांना संघटनेची कल्पना सांगितली, तेव्हा ती मालकांच्या कानावर होगननेच घातली, हे पुढे न्यायालयीन जबानीत मॅकमहन यांच्याच तोंडून बाहेर आले.

आणि रिंगवरचे नाव कोणाच्या मालकीचे, हे कलम वकिलाला दाखवावे. कोडी ऱ्होड्ससारख्या नामवंत घराण्यातील मुलालाही डब्ल्यूडब्ल्यूई सोडल्यावर २०२० च्या अखेरीपर्यंत ऱ्होड्स हे आडनाव रिंगवर वापरता येत नव्हते. पाण्याच्या पिंपाजवळ उभा असलेला तो पोरगा आमच्याकडून गेला तेव्हा त्यालाही नाव मागे ठेवून जावे लागले. मंगळवेढ्याकडे तो आता लहान मुलांची तालीम चालवतो. जत्रेच्या फडावर मी त्याच्या पठ्ठ्यांची जोड पुकारतो तेव्हा वस्ताद म्हणून त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव घेतो. दुसरे, पोस्टरवरचे, मीच एका रात्री सुचवले होते, आणि ते अजून त्या बंद पडलेल्या कंपनीच्या मालकांकडे आहे.